मृगातले झोत आणि हैदराबादचा फुगा

आमच्या लहानपणी हिवाळा जवळ आला की वर्तमानपत्रात एक ठरावीक निवेदन येई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे हैदराबादहून मोठे फुगे सोडले जाणार आहेत. त्यांची उपकरणे विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या पट्ट्यात कुठेही रंगीत छत्रीसह उतरतील. सापडल्यास उघडू नयेत, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे किंवा पेटीवरच्या पत्त्यावर तार करावी. बक्षीस मिळेल, पण पेटीशी छेडछाड झालेली आढळल्यास मिळणार नाही. खाली जिल्ह्यांची यादी असे. बीदर, गुलबर्गा, नांदेड, उस्मानाबाद, सोलापूर. आमचे काका ती यादी मोठ्याने वाचत, कारण आमच्या सोयऱ्याधायऱ्यांची जवळजवळ सगळी गावे तिच्यात येत. "एखादी आपल्या उदगीरच्या शेतात पडली तर काय बहार होईल," असे ते दर वर्षी म्हणत. कधी पडली नाही. त्या पेटीत असते तरी काय, हे मात्र आमच्यापैकी कुणीही विचारले नाही.

नोकरीतून मोकळा झाल्यावर आकाशाविषयीची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा उत्तर मिळाले. त्यांतल्या काही फुग्यांना १०० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण टांगलेली असे, आणि ती पाहत असे मृग नक्षत्रासारख्या ठिकाणचे वायूचे ढग, जिथे सूर्याहून कितीतरी मोठे तारे जन्म घेत आहेत. आपल्या स्मरणिकेत आपण दर वर्षी शहराच्या इतिहासाविषयी लिहितो: रेसिडेन्सी, सुलतान बाजार, मुक्तिसंग्राम. ज्योतिषशास्त्राचा विषय निघालाच तर निजामिया वेधशाळेपर्यंत येऊन थांबतो. त्या पेटीची हकीकत सांगायची राहून गेली आहे. पण ती सांगायची तर सुरुवात फार लांबून करावी लागते.

तारे वायू आणि धुळीच्या ढगांतून जन्मतात ही कल्पना जुनी. अठराव्या शतकात कांट आणि लाप्लास यांनी सूर्यमालेच्या संदर्भात ती मांडली. ढग स्वतःच्या भाराने आत ढासळतो, मधोमध दाटतो, तापतो आणि शेवटी पेटतो. यातली सगळी हालचाल आतल्या दिशेची आहे. म्हणजे जन्मणाऱ्या ताऱ्याजवळ वायू आत पडताना दिसला पाहिजे. प्रत्यक्षात ज्योतिर्विदांसमोर जे येत गेले ते उलटे होते; वायू बाहेर फेकला जात होता. आणि डोळ्यांसमोर असूनही ते कितीतरी वर्षे कुणाला ओळखू आले नाही.

पहिली नोंद १८९० सालची आहे. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून शेरबर्न बर्नहॅम वृषभ राशीतला 'टी टौरी' हा तारा पाहत होते. हे गृहस्थ मूळचे न्यायालयातले लघुलेखक, पण जोडतारे हुडकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ताऱ्याच्या अगदी लगत त्यांना एक धुरकट ठिपका दिसला. त्यांनी तो नोंदवला आणि विषय तिथेच राहिला.

नंतर पन्नासेक वर्षांनी, दोन वेगळ्या देशांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना मृगाच्या मोठ्या तेजोमेघाच्या थोडे दक्षिणेला तसलेच ठिपके सापडले. एक होते लिक वेधशाळेचेच जॉर्ज हर्बिग. तरुण ताऱ्यांवर प्रबंध लिहून १९४८ साली नुकतेच डॉक्टर झालेले. दुसरे मेक्सिकोचे गिलेर्मो हारो. हारोंची कथा वाचावी अशी आहे. शिक्षण तत्त्वज्ञानाचे, व्यवसाय पत्रकाराचा. मुलाखत घ्यायला म्हणून ते लुईस एनरिके एर्रो या ज्योतिषप्रेमी मुत्सद्द्याकडे गेले आणि आकाशाच्या नादी लागले ते कायमचेच. एर्रोंच्या पुढाकाराने १९४२ साली तोनान्त्सिन्त्ला या गावी नवी वेधशाळा उभी राहिली, तिथे हारो कामाला लागले, मध्यंतरी हार्वर्डला जाऊन शिकून आले आणि पुढे त्याच वेधशाळेचे संचालक झाले. ज्योतिषशास्त्राची पदवी नसलेला हा माणूस मेक्सिकोच्या आधुनिक ज्योतिषशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरला. पदव्यांची भेंडोळी जपणाऱ्या आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण.

डिसेंबर १९४९ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन येथे अमेरिकन ज्योतिर्विदांची सभा भरली, तिथे दोघांची गाठ पडली. हर्बिग यांना ते ठिपके दिसले होते, पण त्यांचे लक्ष शेजारच्या ताऱ्यांवर असल्याने त्यांनी फारशी दखल घेतली नव्हती. हारोंनी सांगितल्यावर त्यांचेही कुतूहल जागे झाले. हर्बिग यांचा लेख १९५१ साली आला, हारोंचा १९५२ साली. सोव्हिएत आर्मेनियाचे व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी दोघांची नावे जोडून 'हर्बिग-हारो पिंड' असे नामकरण केले आणि हे तारे होण्याच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतले काहीतरी असावे असे सुचवले.

इथे आपल्या शहराचा एक धागा लागतो, तो आडवाटेने का होईना सांगतोच. त्याच १९४९ साली निजामिया वेधशाळेच्या आवारात वाढलेला एक तरुण हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन हार्वर्डला पोहोचला होता, आणि त्या वर्षीच्या जुलैत तिथे त्याला एक धूमकेतू सापडला. तो तरुण म्हणजे वेणू बापू. बापू–बॉक–न्यूकर्क अशा तीन नावांनी तो धूमकेतू ओळखला जातो. यातले बार्ट बॉक हे बापूंचे हार्वर्डमधले गुरुजन. आकाशातले छोटे काळेकुट्ट ढग म्हणजे ताऱ्यांची गर्भगृहे असावीत असे त्यांनी १९४७ सालीच मांडले होते.

असो. हर्बिग पुढेही मृगातल्या त्या ठिपक्यांची छायाचित्रे घेत राहिले. दुसऱ्या क्रमांकाच्या पिंडात १९५४ सालच्या काचेवर दोन नवे तेजस्वी बिंदू दिसले, जे १९४७ च्या सुमाराच्या काचेवर नव्हते. केवढी खळबळ! माणसाच्या डोळ्यांदेखत तारे जन्मले, असे लोकप्रिय पुस्तकांतून छापून आले आणि दोन दशके छापले जात राहिले. लाखो वर्षांची घडामोड सात वर्षांत पाहायला मिळाली, यावर कुणाला विश्वास ठेवावासा वाटणार नाही? मला त्या लेखकांना हसावेसे वाटत नाही. काचेवर जे होते ते खरेच होते. चुकला तो अर्थ.

तो अर्थ १९७५ साली रिचर्ड श्वार्ट्झ यांनी बदलला. बर्नहॅम यांच्या त्या जुन्या ठिपक्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंगवार पृथक्करण, त्यांनी अभ्यासले होते. तो ताऱ्यासारखा नव्हता. स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचे अवशेष भोवतालच्या वायूवर आदळतात, तिथे जसा प्रकाश निघतो तसा तो होता. मग हे तारे नव्हेतच, श्वार्ट्झ म्हणाले. जवळच्या कुठल्यातरी तरुण ताऱ्यातून सुसाट वायू बाहेर पडतो आहे आणि तो समोरच्या ढगावर थडकून तापतो आहे. म्हणजे आजवर ज्याला बाळ समजत होतो तो बाळाचा टाहो होता.

हे खरे असेल तर ढगातला थंड वायूही ढकलला गेलेला दिसला पाहिजे. थंड ढगात मुख्यतः हायड्रोजन, आणि तो थंडीत जवळजवळ मुका असतो. पण त्यात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड, तोच तो कोंडलेल्या शेगडीचा विषारी वायू, २.६ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी १९७० साली ॲरिझोनातल्या किट पीकच्या ३६ फुटी दुर्बिणीने त्या लहरी मृगातूनच पहिल्यांदा टिपल्या. काचीगुड्याहून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी ती दूर जाताना जशी खाली उतरते, तशीच दूर जाणाऱ्या वायूची लहर लांबते आणि जवळ येणाऱ्याची आखडते; त्यावरून वेग कळतो. मृगातल्या तेजोमेघामागे, जिथे १९६७ साली अवरक्त किरणांत दोन झाकलेली तेजस्वी स्थळे सापडली होती, तिथली ही लहर १९७६ साली विलक्षण रुंद आढळली. ढगात एरवी सेकंदाला एखाद-दोन किलोमीटर वेगाची चुळबुळ असायची, तिथे वायू दहापट आणि अधिक वेगाने सैरावैरा पळत होता. पण कोणत्या बाजूला पळतो आहे?

दिशा कळली १९८० साली, आणि ती एका साध्यासुध्या, आपल्या सूर्याच्याच ऐपतीच्या ताऱ्यापाशी. वृषभ राशीतल्या एल १५५१ या काळ्या ढगात रोनाल्ड स्नेल, रॉबर्ट लोरेन आणि रिचर्ड प्लँबेक यांना वायूचे दोन पंखे दिसले. ताऱ्याच्या एका बाजूचा सगळा वायू आपल्याकडे येणारा, दुसऱ्या बाजूचा सगळा दूर जाणारा. त्याच ढगातले दोन हर्बिग-हारो पिंड त्या ताऱ्यापासून लांब पळत आहेत, हे हर्बिग आणि कडवर्थ यांनी जुन्या-नव्या काचांची तुलना करून आदल्याच वर्षी दाखवले होते. त्याच वर्षी मेक्सिकोचे लुईस फेलिपे रोद्रिगेस आणि त्यांचे सहकारी हो व मोरान यांना सेफियस ए या मोठ्या ताऱ्यांच्या जन्मस्थानी असेच दुतोंडी बहिर्वाह सापडले. पुढच्या वर्षी, १९८१ साली, हर्बिग आणि बर्टन जोन्स यांनी मृगातल्या मूळ पहिल्या-दुसऱ्या पिंडांच्या काचा शेजारी शेजारी ठेवून मोजले. दोन्ही पिंड परस्परांच्या विरुद्ध दिशांना सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने धावत होते. ज्या पिंडात ताऱ्यांचा जन्म झाला म्हणून गाजावाजा झाला, त्याच पिंडात तो तारा नसल्याचा हा पुरावा. आणि तो दिला हर्बिग यांनीच. आपलीच जुनी नोंद बाहेर काढून तिचा अर्थ मोडून दाखवायला मोठे मन लागते.

पण वायू बाहेर का जावा? शेजारी गौरीच्या फुगड्या चालू असतील तर हे समजावून सांगणे सोपे जाते. फुगडी घालणाऱ्या दोघी हात लांब करून फिरतात तोवर वेग बेताचा असतो. हात आखडून जवळ आल्या की गरगर वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे जवळ येणे अशक्य होते. ढग ढासळतो तेव्हा त्याच्या मूळच्या मंद गिरकीचे असेच होते. तो चपटा होऊन ताऱ्याभोवती तबकडी बनते, आणि गिरकीचा हिशेब चुकता केल्याशिवाय तबकडीतला वायू ताऱ्यावर पडूच शकत नाही. १९८२ साली ब्लँडफर्ड आणि पेन यांनी कृष्णविवरांच्या संदर्भात एक युक्ती मांडली: तबकडीतून निघालेल्या चुंबकीय रेषांवरून थोडा वायू गोफणीतल्या दगडासारखा बाहेर भिरकावला जातो आणि जाताना आपल्याबरोबर गिरकी घेऊन जातो. लगेच पुड्रिट्झ आणि नॉर्मन यांनी ती तरुण ताऱ्यांना लावली. ढोबळमानाने आत पडणाऱ्या वायूचा दहावा हिस्सा असा बाहेर जातो. म्हणजे बाहेर जाणारा झोत हा आत पडण्याच्या आड येत नाही, उलट त्याच्यावाचून आत पडणे थांबेल. गोफणीचे बारीकसारीक तपशील अजून वादात आहेत, मूळ गोष्ट मात्र सर्वमान्य झाली.

ही सगळी मांडणी लहान ताऱ्यांची. सूर्याच्या आठ-दहापट आणि त्याहून मोठ्या ताऱ्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक होताच आणि तो भलताच अडचणीचा होता. असा तारा पुरता वाढण्याआधीच इतका प्रखर होतो की त्याच्या प्रकाशाचा दाबच भोवतालची धूळ मागे लोटतो. मग तो आणखी वाढतो कसा? १९९८ साली काही संशोधकांनी असेही सुचवले की मोठे तारे दाटीवाटीच्या समूहांत लहान तारे एकमेकांवर आदळून, मिसळून बनत असावेत. तसे असते तर नीटनेटकी तबकडी आणि नीटनेटका झोत यांना जागा राहिली नसती. म्हणून मोठ्या ताऱ्यांपाशी झोत शोधणे ही केवळ हौस नव्हती. तारा कसा जन्मतो याची दोन उत्तरे समोर होती आणि झोत त्यांतल्या एकाच्या बाजूने साक्ष देणार होता.

इथे काकांची पेटी येते. मोठे तारे जन्मतात ते धुळीच्या जाड गोधडीखाली. त्यांचा प्रकाश ती धूळ पिते आणि दूर-अवरक्त लहरींच्या रूपाने, म्हणजे ऊब म्हणून, बाहेर टाकते. त्या लहरी आपल्या हवेतली वाफ अडवते. म्हणून दुर्बीण वाफेच्या वर न्यायची. १९६९ पासून ई.सी.आय.एल.जवळच्या बलून केंद्रातून पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले, वर गेल्यावर पन्नास मीटर आणि अधिक व्यासाचे होणारे फुगे सुटू लागले, ते तीस किलोमीटरच्या वर जात. दुर्बिणीच्या मागच्या बाजूला असलेले संवेदक निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.३ अंश वर थंड केलेले असत. रात्रभर पाहून झाले की छत्री उघडायची आणि दुर्बीण कुणाच्या तरी रानात उतरायची. मग ती शोधून आणायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा उडवायची. जपानी संशोधकांच्या साथीने एक वर्णपटमापकही त्या दुर्बिणीला जोडला गेला, आणि त्याने केलेला मृगातल्या कार्बनच्या १५८ मायक्रॉन लहरींचा नकाशा २००३ साली प्रसिद्ध झाला.

या दुर्बिणीने झोत शोधले असे मी म्हणणार नाही. ते तिचे काम नव्हते. गोधडीखालचा तारा किती ऊब देतो, म्हणजेच तो केवढा आहे, हे ती मोजत असे. आणि जगभरच्या निरीक्षणांतून ध्यानात आले होते की जितका तारा तेजस्वी तितका त्याचा बहिर्वाह जोरकस. त्यामुळे असल्या मोजमापावाचून या हिशेबाची एक बाजूच कोरी राहिली असती. दुसरी बाजू २००२ साली बॉइथर आणि सहकाऱ्यांनी भरली. स्पेनच्या डोंगरावरच्या ३० मीटर दुर्बिणीने मोठ्या ताऱ्यांची अगदी कोवळी अशी २६ जन्मस्थाने त्यांनी पाहिली, त्यांतल्या २१ ठिकाणी दुतोंडी बहिर्वाह निघाले.

एक झोत तर खोडदच्या अँटेनांनीही पाहिला आहे. धनु राशीत, सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या दहा-वीस हजारपट तेजस्वी अशा एका झाकलेल्या ताऱ्यातून १७ प्रकाशवर्षे लांबीचा सरळसोट झोत निघतो, असे १९९३ साली मार्ती, रोद्रिगेस आणि राइपुर्थ यांनी दाखवले. पुन्हा रोद्रिगेस, पुन्हा हारोंचा देश. त्यातल्या गाठी सेकंदाला ६०० ते १,४०० किलोमीटर वेगाने पळतात. एवढ्या मोठ्या ताऱ्याचा एवढा सरळ झोत म्हणजे मागे तबकडी असणार. २०१० साली त्या झोतात चुंबकीय क्षेत्राचा थेट पुरावा मिळाला, तरुण ताऱ्याच्या झोतातला असा पहिलाच. आणि २०१८ साली नारायणगावजवळच्या जी.एम.आर.टी.च्या, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० अँटेना वापरून तिरुवनंतपुरमच्या सरिता विग आणि सहकाऱ्यांनी तोच झोत कमी कंपनसंख्येच्या लहरींत तपासला. प्रकाशाच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात भोवंडणारे इलेक्ट्रॉन त्यात असल्याची खूण त्यांना आढळली. त्या सहकाऱ्यांत एस. के. घोष होते, ज्यांची उमेद हैदराबादच्या फुग्यांवर गेलेली.

मग मृगातला १९७६ सालचा तो सैरावैरा वायू? तो जवळचा आणि सगळ्यात गाजलेला, म्हणून मोठ्या ताऱ्यांच्या बहिर्वाहाचा नमुना म्हणून त्याचेच नाव घेतले जाई. पण १९९३ साली डेव्हिड ॲलन आणि मायकेल बर्टन यांनी त्याची अवरक्त छायाचित्रे घेतली तेव्हा दिसली ती चहू बाजूंना फाकलेली बोटे, भुईनळ्याच्या नव्हे तर फुटलेल्या लक्ष्मीबारच्या ठिणग्यांसारखी. पुढे कळले की तिथले काही तारे एकाच बिंदूपासून दूर पळत आहेत. त्यांचे मार्ग उलटे मोजले तर आपल्याला दिसणाऱ्या काळाच्या सुमारे ५०० वर्षे आधी ते सगळे एका जागी होते. तरुण ताऱ्यांची टोळी एकमेकींच्या ओढीत अडकून फुटली आणि तिने वायू उधळला. म्हणजे नमुना म्हणून मिरवलेला बहिर्वाह झोत नव्हताच, अपघात होता. आणि ताऱ्यांच्या टकरीची कल्पना मांडणारेही अगदीच हवेत बोलत नव्हते. मृगाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १,३५० वर्षे लागतात. दोन्ही मिळवले तर तो स्फोट झाला तेव्हा पैठणला सातवाहनांचे राज्य होते.

गणपती गेल्यावर येणाऱ्या सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे चारला गच्चीवर जावे. चंद्राचा उजेड नसतो. मृग तेव्हा चांगला वर आलेला असतो. पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली जो धूसर ठिपका दिसतो तो तेजोमेघ, साध्या दुर्बिणीतही ओळखू येतो. ती फुटलेली टोळी त्याच्या मागे, धुळीआड आहे. उदगीरच्या शेतात अजूनही काही पडलेले नाही.